खालून कसं दिसतंय?

बाबा स्टुलावर चढायचे, आई स्टूल घट्ट धरून उभी राहायची आणि मला खाली रस्त्यावर पिटाळायचे. घर तिसऱ्या मजल्यावर. खालून बघताना खिडकीतून बाबांचा कोपरापासून पुढचा हात तेवढा बाहेर दिसायचा, आणि त्या हातातून दिव्यांची माळ हळूहळू खाली सुटायची. मग वरून हाक यायची, "खालून कसं दिसतंय?"

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. मान मागे टाकून, दोन्ही हातांचा कर्णा करून मी ओरडायची. डावीकडून वर घ्या. मधे झोळ पडलाय. तो लाल दिवा भिंतीकडे वळलाय, त्याला पुढे करा. आणि बाबा निमूटपणे ऐकायचे. एरवी घरात माझं कुणी फारसं ऐकत होतं असं नाही, पण त्या अर्ध्या तासात माझा शब्द शेवटचा असायचा. कारण साधं होतं. ते जिथे उभे होते तिथून त्यांना काही दिसतच नव्हतं.

सणाच्या रोषणाईबद्दल मला जे काही वाटतं ते सगळं त्या एका हाकेपाशी सुरू होतं. घरातला दिवा आपण आपल्यासाठी लावतो. वाचायला, शिवायला, अंधारात ठेच लागू नये म्हणून. खिडकीबाहेर सोडलेल्या माळेचं तसं नाही. तिचं तोंड रस्त्याकडे असतं आणि आपल्या वाट्याला तिची पाठ येते. आत बसून पाहिलं तर वायरचे वेटोळे, चिकटपट्टीचे तुकडे, खिळ्याला मारलेली गाठ आणि काचेवर पडलेला थोडासा रंगीत उजेड, एवढंच. ही माळ दिसते ती रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी माणसाला. तिच्यासाठी धडपडतो, पडायची जोखीम घेतो तो मात्र खोलीतच असतो.

फ्रान्समधल्या लिआँ शहराची गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आमची खिडकी आठवली होती. साल १८५२. फूर्विएरच्या टेकडीवर मेरीच्या पुतळ्याचं अनावरण व्हायचं होतं. ठरलं होतं सप्टेंबरात, पण नदीला पूर आला आणि मूर्तिकाराचं काम अडलं, म्हणून ८ डिसेंबर धरला. त्या दिवशी नेमकं वादळ. टेकडीवरची आतषबाजी रद्द करायच्या बेतात सगळे होते. संध्याकाळी मात्र आभाळ निवळलं, आणि कुणी हुकूम न सोडता घरोघरच्या लोकांनी मेणबत्त्या पेटवून आपापल्या खिडक्यांत ठेवल्या. मग लोक रस्त्यावर उतरले. मला या गोष्टीतलं हे उतरणं फार महत्त्वाचं वाटतं. मेणबत्ती ठेवून घरात बसून राहिलं असतं तर कुणाला काहीच दिसलं नसतं. आपली खिडकी उजळायची आणि खाली जाऊन दुसऱ्यांच्या खिडक्या बघायच्या, असा तो व्यवहार. लिआँमध्ये तो अजून चालू आहे. डिसेंबरात तिथे मोठमोठ्या इमारतींवर रंगीत प्रकाशाचे खेळ होतात, लाखो माणसं ते बघायला जातात. पण खिडकीच्या कट्ट्यावर काचेच्या पेल्यात मेणबत्ती ठेवणारी घरंही आहेत. मला कधी तिथे जायला मिळालं तर मी आधी गल्ल्यांतून फिरेन, इमारती नंतर.

विजेच्या माळेचा जन्मही दाखवण्यासाठीच झालेला. एडिसनचं पर्ल स्ट्रीटवरचं वीजकेंद्र न्यूयॉर्कमध्ये सुरू झालं ४ सप्टेंबर १८८२ ला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, म्हणजे चार महिनेसुद्धा झाले नव्हते तेव्हा, एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने आपल्या घरातल्या नाताळाच्या झाडावर ८० छोटे दिवे लावले. लाल, पांढरे, निळे, हाताने एकेक जोडलेले. वर ते झाड स्वतःभोवती फिरतही होतं. तोवर झाडाला खऱ्या मेणबत्त्या बांधत असत, त्या थोडा वेळच पेटवत आणि आग लागली तर हाताशी असावी म्हणून शेजारी पाण्याची बादली ठेवत. जॉन्सनला वीज विकायची होती, हे उघड आहे. बातमीदाराला घरी बोलावून त्याने ते झाड दाखवलं. तरीही ८० दिव्यांच्या तारा एकेक करून सोलायला, पिळायला, झाकायला जे तास गेले असतील ते केवळ विक्रीच्या हिशेबात बसत नाहीत असं मला वाटतं. ज्याने कधी माळ दुरुस्त केली आहे त्याला हे पटेल.

आमच्याकडे दुरुस्तीची रात्र आदल्या दिवशी असायची. खोक्यातून माळ निघायची ती गुंत्याच्या गोळ्यासारखी. बाबा ती जमिनीवर पसरवायचे, प्लग लावायचे आणि बहुतेक वर्षी ती पेटायची नाही. जुन्या माळेत सगळे दिवे एकापुढे एक, एकाच वाटेवर जोडलेले असत. एकातून आलेली वीजच पुढच्यात जाणार. त्यामुळे चाळीसातला एक दिवा गेला की चाळीसही बंद. आणि गेलेला दिवा कुठला हे बाहेरून कळायचं नाही. बाबा एक चांगला दिवा हातात घेऊन सुरुवातीपासून बसायचे. प्लग काढायचा, जुना दिवा उपसायचा, हातातला चांगला तिथे बसवायचा, प्लग लावायचा, बघायचं. नाही पेटली? प्लग काढायचा, पुढच्या घराकडे. मी शेजारी बसून मोजायची. कधी सातव्याला लागायचं, कधी चौतिसाव्याला. लागलं की सगळी खोली एकदम रंगायची आणि बाबांच्या चेहऱ्यावर खालून लाल-हिरवा उजेड पडायचा.

काढलेला दिवा ते माझ्या तळहातावर ठेवायचे. उजेडाकडे धरून पाहिला तर आत केसाएवढी तार मधेच तुटलेली, तिची दोन टोकं थरथरताना दिसायची. काचेच्या आतल्या बाजूला धुरकट करडा डाग.

एका वर्षी जादा दिवे संपले. मी म्हटलं, त्या जागी नुसता तारेचा तुकडा लावून पुढे जोडून टाका ना. बाबांनी मान हलवली. तसं केलं तर माळ पेटेल, म्हणाले, पण गेलेल्याच्या वाटणीचा दाब उरलेल्यांवर येईल. ते जास्त उजळतील आणि लवकर जातील. एक दोन चालतील, पण असं करत गेलं तर माळच संपते. त्यांनी नंतर स्वयंपाकघरातल्या कपाटामागची एक जुनी, न लागणारी माळ काढून तिच्यातला एक दिवा मिळवला. त्याचा रंग जुळत नव्हता. सगळ्या हिरव्यांच्या रांगेत तो एक पिवळा. खालून मला तो लगेच ओळखू यायचा आणि आपली खिडकी कुठली हे त्याच्यावरून कळायचं.

आताच्या माळा वेगळ्या. त्यांत तार तापत नाही. एलईडी म्हणजे खसखशीएवढा स्फटिक, त्यातून वीज गेली की तो थेट उजेड टाकतो. लाल आणि हिरवा एलईडी फार आधीपासून होता. निळा जमत नव्हता, आणि निळ्यावाचून पांढरा नाही. इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांनी तो नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जमवला आणि २०१४ मध्ये तिघांना त्यासाठी नोबेल मिळालं. आज शहरातला प्रत्येक पांढरा झगमगाट त्यांच्या त्या निळ्या ठिपक्यावर उभा आहे. विजेची बचत प्रचंड आहे, आणि ती मला मनापासून मान्य आहे. तरी निळसर पांढऱ्या दिव्यांनी मढवलेल्या रस्त्यातून जाताना मला दवाखान्याच्या बोळातून गेल्यासारखं वाटतं. तोच दिवा पिवळ्या झाकेत मिळतो, फरक किमतीत नसतो, निवडीत असतो. जो रस्ता सजवतो त्याने एकदा खाली उभं राहून बघावं, एवढंच माझं म्हणणं.

एक गंमत करून पाहा. रात्री साध्या एलईडीच्या माळेकडे बघत असताना नजर झटकन एका बाजूला वळवा. पुष्कळदा उजेडाची सलग रेघ न दिसता तुटक ठिपक्यांची ओळ दिसते. घरातली वीज सेकंदाला ५० किंवा ६० वेळा हेलकावे खाते आणि स्वस्त माळेतला दिवा त्या तालावर विझतो-पेटतो. एरवी डोळ्याला ते जाणवत नाही. जुन्या दिव्यातली तार मात्र तापलेली असल्याने तेवढ्यात थंड व्हायची नाही, म्हणून त्याची रेघ सलग यायची. म्हणजे मला जुना उजेड मऊ वाटत होता तो नुसता आठवणीमुळे नव्हे, तारेत मुरलेल्या उष्णतेमुळेही.

रोषणाई बघायला मला पाऊस पडून गेलेली रात्र आवडते. ओल्या डांबरावर दिव्याचं प्रतिबिंब दिव्यासारखं गोल पडत नाही, ते आपल्या दिशेने लांब ओघळतं. रस्ता खडबडीत असतो, प्रत्येक कण थोडा वेगळा कललेला, आणि पुढे-मागे पसरलेल्या कितीतरी कणांवरून तोच दिवा आपल्या डोळ्यापर्यंत पोचतो. म्हणून एका लाल दिव्याची आपल्या पायापर्यंत आलेली लाल पट्टी. गंमत अशी की शेजारी उभ्या असलेल्या माणसाची पट्टी त्याच्या पायाशी येते. एकाच दिव्याखाली पन्नास माणसं उभी असली तर पन्नास वाटा. आम्ही भावंडं यावरून भांडायचो, तो दिवा माझ्याकडे येतोय म्हणून. दोघांचंही खरं होतं.

हा सगळा उजेड वरूनही दिसतो, अगदी वरून. सुओमी एनपीपी नावाचा उपग्रह सुमारे ८२४ किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतो आणि रात्री दीडच्या सुमाराला शहरांवरून जातो. त्याने टिपलेले रात्रीचे दिवे नासाच्या शास्त्रज्ञांनी तपासले, तेव्हा अमेरिकेतली शहरं नाताळ ते नवं वर्ष या दिवसांत २० ते ५० टक्के जास्त उजळतात असं २०१४ मध्ये त्यांनी मांडलं. मला त्यातला बारकावा भावला. शहराच्या मध्यभागी, जिथे मोठमोठ्या दुकानांची आणि चौकांची सजावट असते, तिथली वाढ २० ते ३० टक्के. आणि बाहेरच्या वस्त्यांत, जिथे नुसती घरं आहेत, तिथे ३० ते ५०. म्हणजे ज्या माळा एकेका कुटुंबाने स्टुलावर चढून बांधल्या त्यांनी चौकांना मागे टाकलं.

त्याच शास्त्रज्ञांनी रमजानच्या महिन्यात मध्यपूर्वेतली शहरंही पाहिली. काही शहरांत उजेड ५० टक्क्यांहून जास्त वाढत होता, कारण लोकांचा दिवसच रात्रीकडे सरकलेला असतो. कैरोमध्ये मात्र एक गोष्ट आढळली. गरीब वस्त्यांत महिनाभर उजेड फारसा वाढत नव्हता, लोक काटकसरीने राहत होते. आणि ईद आली की त्या वस्त्याही इतरांइतक्याच झगमगत. मी हे वाचून बराच वेळ कागद हातात धरून बसले होते. महिनाभर राखून ठेवलेला उजेड दोन-तीन रात्रींत उधळायचा, हे अंतराळातून आकड्यांत दिसतं.

न लावलेल्या दिव्यांबद्दलही बोललं पाहिजे. वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या निवासाजवळ नाताळाचं झाड उजळायची प्रथा १९२३ पासूनची. नोव्हेंबर १९७९ मध्ये इराणमधल्या तेहरानच्या वकिलातीतली अमेरिकन माणसं ओलीस धरली गेली. त्या डिसेंबरात झाडाचं बटण दाबलं तेव्हा फक्त शेंड्यावरचा तारा लागला, बाकी सगळं झाड काळोखात. समोर जमलेल्यांना राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सांगितलं की ती माणसं परत येतील तेव्हा बाकीचे दिवे लागतील. पुढच्या वर्षीही माणसं परतली नव्हती. तेव्हा झाड ४१७ सेकंद उजळलं, कैदेतल्या प्रत्येक दिवसाचा एक सेकंद, आणि पुन्हा विझलं. ४१७ सेकंद म्हणजे सात मिनिटांच्या आत. त्या सात मिनिटांत तिथे उभं राहून काय वाटलं असेल याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. दिवे लागल्याचा आनंद करावा तर घड्याळ चाललंय.

जपानमधल्या कोबे शहरात उलटं घडलं. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे भूकंप झाला. ६,४०० पेक्षा जास्त माणसं गेली, वीज गेली, शहर अंधारात बुडालं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात रस्त्यावर रंगीत दिव्यांच्या उंच कमानी उभ्या राहिल्या. गेलेल्यांच्या स्मरणासाठी आणि उरलेल्यांना धीर यावा म्हणून. पहिल्या वर्षी ही रोषणाई एकदाच करायची असं होतं, लोकांनी ती पुढेही हवी म्हणून आग्रह धरला आणि ती टिकली. महामारीच्या वर्षांत खंड पडला. आता ती जानेवारीत भरते, म्हणजे भूकंपाच्या तारखेला आणखी चिकटून. सण आणि स्मरण यांत आपण मानतो तेवढं अंतर नसावं. दोन्हींत कुणीतरी अनोळखी माणसासाठी दिवा बाहेर तोंड करून लावतो.

म्हणूनच मला बारा महिने लागलेल्या माळा बघवत नाहीत. झाडांच्या बुंध्यांना आवळून बांधलेल्या, धूळ खाल्लेल्या, निम्म्या विझलेल्या. झाडाला दिवस लहान झाला की मोठा हे उजेडावरून कळतं. सतत दिव्याखाली असलेल्या झाडांची पानं कधीकधी इतरांच्या मागून गळतात. रात्री उडणाऱ्या पाखरांची दिशाभूल होते ती वेगळीच. मध्यरात्र उलटली, बघणारं कुणी उरलं नाही की माळ बंद करावी. आणि सण सरला की ती उतरवावी.

उतरवताना मी एकदा पाहिलं आहे. पहाटे तीनच्या सुमाराला स्टेशनवरून पायी येत होते. मोठ्या रस्त्यावर एक वायरमन शिडीवर होता आणि दुसरा खाली शिडी धरून. वरचा माळ सोडवून हळूच खाली सोडत होता, खालचा ती एका हाताने घेऊन तळवा आणि कोपर यांच्यामध्ये गुंडाळत होता, अगदी बाबांसारखी. मी थांबले. किती रात्री लागतात असं खालच्याला विचारलं.

"लावायला चार. उतरवायला एकच," तो म्हणाला. "पण गुंडाळताना घाई करायची नाही. घाई केली की पुढच्या वर्षी गुंता आपल्यालाच सोडवायचाय."

सगळं लागल्यावर कसं दिसत होतं, असं मी विचारलं. तो थोडा विचारात पडला. म्हणाला, बघितलं नाही नीट, तोवर दुसऱ्या रस्त्याचं काम लागलं होतं. मग शिडीचा एक हात मोकळा करून त्याने खिशातून फोन काढला आणि मला फोटो दाखवला. त्याची मुलगी मैत्रिणींबरोबर रोषणाई बघायला आली होती, तिने पाठवलेला. फोटो हललेला होता. दिव्यांच्या जागी मोठे मोठे पिवळे गोल, आणि खाली कोपऱ्यात तिच्या ओढणीची कड. "हे आपण बांधलेलं," तो म्हणाला. वरून हाक आली तसा फोन खिशात ठेवून त्याने पुन्हा शिडी धरली.

बाबा गेल्यानंतर दोन वर्षं मी माळ लावली नाही. खोकं कपाटावर होतं. गेल्या वर्षी काढलं. माळ नीट गुंडाळलेली होती, त्यांच्या हाताच्या मापाची, माझ्या कोपराला ती सैल बसली. प्लग लावला तर पहिल्याच झटक्यात लागली, पिवळ्यासकट. मी स्टूल खिडकीशी ओढलं. आईला आता स्टूल धरून उभं राहवत नाही, ती पलंगावर बसून सूचना देत होती. खाली पाठवायला कुणी नव्हतं. मी अंदाजाने बांधत गेले. डावीकडचा खिळा सापडत नव्हता, चाचपडत एका ठिकाणी गाठ मारली आणि उजवीकडे सरकले.

रात्रीचे साडेदहा झाले असतील. खाली एक माणूस पिशवी घेऊन चालला होता. आमच्या खिडकीखाली आला आणि थांबला. मान वर करून बघत राहिला. मला वाटलं, काहीतरी खाली पडलं की काय माझ्या हातून.

"डावीकडून थोडी वर घ्या," तो म्हणाला.

मी गाठ सोडली, हात लांब करून माळ वर ओढली. तो तिथेच उभा होता.

"अजून," तो म्हणाला. मग, "मधला तो पिवळा मागे वळलाय बघा."

मी चाचपून पिवळा दिवा पुढे केला. "आता?"

त्याने पिशवी दुसऱ्या हातात घेतली, दोन पावलं मागे सरकून पाहिलं. "हां," म्हणाला, आणि चालायला लागला.